काटा, हवा आणि वाफ

(मार्केट यार्डातील सभागृहात दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मुद्रित पाठ)



या यार्डाचा दिवस पहाटे सुरू होतो. तुमच्यापैकी बरेच जण आज अंधारात घराबाहेर पडले असतील. अशा दिवसाच्या संध्याकाळी सभागृहात येऊन बसणं म्हणजे स्वतःच्या झोपेतला तास काढून देणं आहे. तो तास मला कारणी लावायचा आहे.

माझ्यासमोर टेबलावर लाकडी घडवंचीत तीन छोट्या काचेच्या कुप्या ठेवल्या आहेत. करंगळीएवढ्या. मागून त्या दिसणार नाहीत, म्हणून एवढंच सांगते की त्यांतल्या दोन पिवळ्या आहेत आणि एक जांभळी आहे. परवा सकाळी तिन्ही जांभळ्या होत्या. व्याख्यान संपेपर्यंत त्या तशाच राहू देत.

ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. आमच्या ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत, म्हणजे तुम्ही ज्याला टिश्यूकल्चर म्हणता तिथे, ते परिचर म्हणून लागले. त्याआधी याच यार्डात ते तोलणार होते. पंचवीसेक वर्षं त्यांनी आमचा ऑटोक्लेव्ह चालवला. मी पदवी घेऊन नोकरीला आले तेव्हा मला वाटत होतं की ऑटोक्लेव्ह मला येतो. पुस्तकातलं पान मला पाठ होतं. वापरायला मात्र मला मामांनी शिकवलं. म्हणून आजचा विषय तोच. वाफेवर चालणारं हे निर्जंतुकीकरणाचं यंत्र नीट कसं वापरायचं आणि कुणाला न भाजता कसं वापरायचं, एवढंच मी बोलणार आहे.

पण बाजारात हा विषय कशाला? तुमच्या मनात हा प्रश्न आला असेल, आणि तो रास्त आहे.

इथल्या गाळ्यावरचा केळीचा घड बघा. जी-नाईनची केळी असेल, तर त्या झाडाचं बालपण बहुधा बाटलीत गेलेलं आहे. चांगल्या झाडाच्या मुनव्यातला कोंब काढायचा, त्याचं टोक बाटलीतल्या खिरीसारख्या घट्ट माध्यमावर ठेवायचं, एकाचे चार आणि चाराचे सोळा करत न्यायचे, आणि मग रोपं बाहेर काढून मातीशी ओळख करून द्यायची. पलीकडच्या फुलबाजारात जरबेरा येतो, त्याचीही रोपं अशीच होतात. अळिंबीच्या पाकिटाचंही तेच: गव्हाच्या नाहीतर ज्वारीच्या उकडलेल्या दाण्यांवर आधी स्पॉन, म्हणजे तिचं बियाणं, वाढवावं लागतं, आणि ते दाणे पिशवीत भरून वाफेच्या दाबाखाली ठेवल्याशिवाय त्यांच्यावर अळिंबी धरत नाही. आपल्या पुण्याला या कामात मान आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी बांबूला बाटलीतच फुलं आणून दाखवली. बांबू एरवी फुलायला कित्येक दशकं घेतो. त्यांचा तो निबंध १९९० साली ‘नेचर’मध्ये आला.

आता त्या बाटलीतलं माध्यम म्हणजे काय, तेही ऐका. पाणी, थोडे क्षार, थोडी जीवनसत्त्वं, घट्टपणाला अगार, आणि लिटरला ३० ग्रॅम साखर. ते ठेवायचं पंचवीस अंशांच्या उबेत. बुरशीला आणि जिवाणूंना याहून चांगलं घर सांगून मिळणार नाही. केळीचा कोंब आठवड्यांच्या हिशेबाने वाढतो आणि बुरशी तासांच्या. एक जिवंत बीज आत राहिलं की चौथ्या दिवशी बाटलीत कोंब दिसत नाही, करडी लोकर दिसते. आणि बुरशी निदान दिसते तरी. काही जिवाणू गुपचूप राहतात, एका बाटलीतून चार बाटल्यांत आणि चारांतून सोळांत जातात, आणि कळतं तेव्हा अख्खा माल फेकावा लागतो. ज्या शेतकऱ्याने रोपांची आगाऊ रक्कम भरून शेत तयार ठेवलंय, त्याचा हंगाम त्या बाटल्यांबरोबर जातो. म्हणून हा विषय बाजाराचाही आहे.

उकळून भागणार नाही का? शंभर अंशांना काय जिवंत राहतं?

राहतं. आणि याचं उत्तर तुमच्या पायाखाली पडलेलं असतं. फळांच्या पेट्यांत पेंढा घालतात ना, त्या सुक्या गवतात. १८७७च्या सुमारास लंडनमध्ये जॉन टिंडल नावाचे शास्त्रज्ञ काढे उकळून बंद करत आणि ते महिनोन्‌महिने टिकत. मग प्रयोगशाळेत गवताचा एक भारा आला आणि त्यानंतर कितीही उकळलं तरी काढे नासायला लागले. त्याच सुमारास जर्मनीत फर्डिनंड कोह्न यांनी कारण दाखवलं: गवतातले काही जिवाणू अडचणीच्या काळात स्वतःभोवती जाड कवच करून बीजाणू बनतात आणि उकळत्या पाण्यातूनही जिवंत निघतात. बाजरीचा दाणा कणगीत पडून राहतो आणि पाऊस पडला की उगवतो, तसं. त्यांना मारायला शंभराच्या वर जावं लागतं, आणि पाण्याला शंभराच्या वर न्यायचं तर दाब लागतो. दाबाचं भांडं फ्रेंच डेनिस पापँ यांनी १६७९ सालीच केलं होतं, हाडं शिजवायला. भांडं फुटू नये म्हणून त्याला सेफ्टी व्हॉल्वही त्यांनीच बसवला. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १८७९ साली, पाश्चर यांच्या प्रयोगशाळेतल्या चार्ल्स शांबरलाँ यांनी त्याचा ऑटोक्लेव्ह केला. आणि पुढच्या दहा वर्षांत, ९ डिसेंबर १८८९ रोजी, आपल्या पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी उघडली, गुराढोरांच्या रोगांसाठी. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. जंतूंचा अभ्यास या देशात संस्थेच्या रूपाने रुजला तो या गावात. मला याचा अभिमान आहे, आणि तो बोलून दाखवायला मला संकोच वाटत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पहिली गोष्ट वाफेची.

तापलेल्या भट्टीचं दार उघडून तुम्ही क्षणभर आत हात घालू शकता. आतली हवा दोनशे अंशांची असते, तरी हात लगेच भाजत नाही. तेच कुकरच्या वाफेवर बोट गेलं तर? चटका बसतो, फोड येतो. वाफ तर भट्टीच्या हवेहून कितीतरी थंड. मग ती जास्त का भाजते? कारण एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता खर्चावी लागते. गार वस्तूला वाफ लागली की तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते सगळं देणं ती त्या जागी एकदम चुकतं करते. कोरडी हवा उधारीवर थोडं थोडं देते. वाफ रोख देते. शिवाय ओलाव्यात प्रथिनं लवकर गोठतात, अंड्याचा पांढरा बलक गोठतो तशी. म्हणून कोरड्या उष्णतेने निर्जंतुक करायला १६० अंशांवर दोन तास लागतात आणि वाफेला १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

पण वाफ वस्तूला लागली तर! मामा हा शब्द फार वापरत: “लागली का?” रिकामी बाटली घट्ट बूच लावून ठेवली तर तिच्या आत वाफ शिरतच नाही. बाहेर १२१ अंश, आत कोरडी हवा. ती बाटली गरम झाली, निर्जंतुक झाली नाही. म्हणून बूच अर्धा फेरा सैल ठेवायचं. रिकामी भांडी आडवी ठेवायची. फेकायच्या पिशवीचं तोंड बांधून टाकायचं नाही, सैल ठेवून आत थोडं पाणी घालायचं. आणि डबा गच्च भरायचा नाही. लोकलच्या डब्यात माणसं भरतात तशा बाटल्या भरल्या की वाफ कडेकडेने वर जाते आणि मधल्या बाटल्या तिला भेटतच नाहीत.

दुसरी गोष्ट हवेची. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त माल इथे बुडतो.

मामांनी मला पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, “बाई, पोतं काट्यावर चढवायच्या आधी काय बघायचं?” मला सांगता येईना. ते म्हणाले, “आधी रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघायचं. मग पोत्याला हात लावून बघायचा, आत काय आहे. काटा वजन सांगतो. आत ज्वारी आहे की खडे, ते काटा सांगत नाही.”

ऑटोक्लेव्हवरच्या काट्याचंही असंच आहे. तो दाब सांगतो. दाब कुणाचा, वाफेचा की हवेचा, ते त्याला ठाऊक नाही. भांड्याचं झाकण लावता तेव्हा आत हवा असतेच. वरची तोटी बंद ठेवून गरम केलं तर हवा आणि वाफ दोघं मिळून काटा १५ पौंडांवर नेतात. बघणाऱ्याला वाटतं, झालं. पण हवा दाब देते, वाफेची उष्णता देत नाही. सगळी हवा बाहेर गेली असेल तर १५ पौंडांना १२१ अंश मिळतात. निम्मी हवा आत राहिली तर तेच १५ पौंड आणि ११२ अंश. हवा मुळीच काढली नाही तर काटा १५ पौंडांवर आणि आत जेमतेम १०० अंश. काटा तोच, आणि आतल्या बीजाणूंना मात्र नुसती अंघोळ घातली गेली!

म्हणून उभ्या ऑटोक्लेव्हची वरची तोटी उघडी ठेवून गरम करायचं. आधी फुसफुस होते, वाफ अडखळत येते. ती हवा आणि वाफ मिसळून येते. ती पाहून तोटी बंद करण्याची घाई नवशिके करतात. मामा तोटीजवळ कान देऊन उभे राहायचे. फुसफुशीचा आवाज बदलून एकसारखी सूं लागली, तोटीतून वाफेचा दांडा सरळ उठला, की ते घड्याळ बघायचे, तिथून पुढे सलग दहा मिनिटं जाऊ द्यायचे आणि मग तोटी बंद करायचे. त्या दहा मिनिटांत त्यांना कुणी हाक मारली तरी ते हलत नसत. मोठ्या यंत्रांत हवा काढायची नळी तळाशी असते, कारण हवा वाफेपेक्षा जड, ती खाली बसते. तिथे त्या नळीची जाळी अगारने किंवा लेबलच्या कागदाने तुंबली की तळच्या बाटल्या हवेत बुडून राहतात. रोज सकाळी ती जाळी काढून धुवायची. दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्या गावाची एक गंमतीची गोष्ट इथेच सांगते. काटा बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे एवढंच दाखवतो. पुणे समुद्रापासून साडेपाचशे मीटरहून थोडं उंच आहे, म्हणजे इथे बाहेरची हवाच मुंबईपेक्षा विरळ. त्यामुळे मुंबईत १५ पौंडांना १२१ अंश येतात, तिथे पुण्यात १२०च्या आसपास येतात. महाबळेश्वरला कुणी स्पॉन करायला घेतलं तर ११८-११९. पुस्तकं समुद्रकाठच्या हिशेबाने लिहिलेली असतात. इलाज सोपा आहे: पुण्यात काटा १६ पौंडांपर्यंत जाऊ द्या, आणि तापमापी असेल तर घड्याळ दाबावर न लावता तापमानावर लावा. तुमच्या यंत्राचा व्हॉल्व कितीला उडतो ते मात्र आधी पाहून घ्या.

हवेकडे दुर्लक्ष केलं की काय होतं, याचं एक उदाहरण इंग्लंडमधलं आहे. मार्च १९७२, प्लिमथमधलं डेव्हनपोर्ट. रुग्णालयात सलाइनमधून ग्लुकोज दिलेले रुग्ण अचानक दगावले. बाटल्यांत जिवाणू वाढलेले निघाले. त्या बाटल्या आदल्या वर्षी कारखान्यात ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या होत्या. चौकशी समितीने शोधलं तेव्हा दिसलं की यंत्राच्या खालच्या भागात हवा अडकून राहिली होती आणि खालच्या बाटल्यांना तापमान मिळालंच नव्हतं. आणि सर्वांत वाईट गोष्ट कोणती? तळाची तापमापी तापमान कमी दाखवत होती. पाहणाऱ्यांनी ठरवलं की तापमापीच बिघडली असेल.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. कारण ही चूक करणारी माणसं दुष्ट नव्हती. दोन काटे दोन गोष्टी सांगत होते आणि त्यांनी सोयीच्या काट्यावर विश्वास ठेवला. तुमच्या गाळ्यावर दोन काट्यांत फरक आला तर तुम्ही काय करता? तोल थांबवता. काटा तपासून घेता. शेतकरी समोर उभा असतो म्हणून तरी थांबता. आमचा शेतकरी समोर उभा नसतो, तो नाशकात किंवा जळगावात असतो. म्हणून आम्ही जास्तच थांबायला हवं.

तिसरी गोष्ट वेळेची. ही लवकर सांगून होईल. जंतू एकदम मरत नाहीत, हिश्शाहिश्शाने मरतात. ऑटोक्लेव्हच्या परीक्षेसाठी वापरतात त्या चिवट बीजाणूंचे १२१ अंशांवर दीड-दोन मिनिटांत दहातले नऊ मरतात, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्यांतले पुन्हा दहातले नऊ. लाखांत सुरुवात केली तर एकावर यायला पाच टप्पे लागतात, आणि त्याच्याही पलीकडे जायचं असतं. शिवाय घड्याळ सुरू होतं ते काटा चढल्यावर, बटण दाबल्यावर नव्हे. आणि मोठी बाटली आतून उशिरा तापते: ५० मिलिलिटर माध्यमाला साधारण २५ मिनिटं धरली तर लिटरच्या बाटलीला ४० धरावी लागतात. दोन्ही एकाच फेरीत घालू नका. मग जास्त वेळ ठेवली तर जास्त चांगलं का? तेही नाही. साखर तपकिरी होते, माध्यम आंबटाकडे झुकतं, अगार धरत नाही, आणि कोंब रुसतात. भाताला जसा कुकरचा हिशेब, तसाच इथे. फेकायच्या जैववैद्यकीय कचऱ्याला मात्र चांगल्या-वाईटाची काळजी नाही. तिथे २०१६च्या नियमांनी १२१ अंशांना किमान ६० मिनिटं सांगितली आहेत आणि ती पुरी ६० द्यावीत.

चौथी गोष्ट झाकणाची.

माझ्या उजव्या मनगटावर हा डाग आहे. मी तेव्हा दुसऱ्याच ठिकाणी उमेदवारी करत होते. संध्याकाळ झाली होती, सगळ्यांना घरी जायचं होतं. काटा शून्यावर आला, मी झाकण उघडलं आणि वरची अगारची बाटली उचलली. उचलताना ती जराशी हलली. आतलं माध्यम गपचूप बसलं होतं ते एकाएकी उसळलं, बूच उडालं आणि उकळता अगार मनगटावर चिकटला. पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. अगार चिकटतो आणि चिकटलेल्या जागी भाजत राहतो. डोळे वाचले ते केवळ मान वळलेली होती म्हणून. तिथे कुणी मला सांगितलं नव्हतं, की काटा शून्यावर आला तरी बाटलीतलं पाणी शंभराच्या आसपास, कधी वरही असतं, आणि धक्का लागायची वाट बघत असतं.

मामांनी तो डाग पाहिला आणि काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून माझ्या फेरीला झाकण उघडायला ते स्वतः येऊन उभे राहत. त्यांची रीत अशी होती. बटण बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्यायचा. तोटी उघडून घाईने वाफ सोडली तर आतल्या सगळ्या बाटल्या एकदम उकळतात, कापसाचे बोळे भिजतात, आणि भिजलेला बोळा म्हणजे जंतूंना केलेला पूल. काटा शून्यावर आला की तोटी हळूच उघडायची, आवाज पूर्ण थांबू द्यायचा. मग समोरासमोरचे पंखनट जोडीजोडीने सैल करायचे. लावतानाही तसेच, एका बाजूने आवळत गेलं की रबराची रिंग तिरपी बसते आणि वाफ फटीतून सुरीसारखी येते. झाकण उचलताना त्याची पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे उरलेली वाफ आपल्यापासून लांब जाते. तोंड बाजूला. हातांत जाड हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा कोट, पायांत बंद बूट. आणि मग बाटल्यांना हात न लावता दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. बाटल्या दोन तृतीयांशांहून जास्त भरलेल्या नकोत. गरम बाटली ओल्या थंड ओट्यावर ठेवली की तळ सुटतो. खाली जाड फडकं हवं.

चालू करायच्या आधीचं पण ऐकून घ्या. पाणी हीटरच्या वर आहे का ते दर फेरीला बघायचं. पुण्यातल्या बोअरच्या पाण्याने हीटरवर खडूचा थर बसतो, म्हणून शुद्ध केलेलं पाणी घालायचं. रिंगेला चीर आहे का, अर्थिंग आहे का, सेफ्टी व्हॉल्व मोकळा आहे का. व्हॉल्व गळतो म्हणून त्यावर तार बांधलेली किंवा वजन ठेवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्या माणसाने हे केलं त्याला कामाची घाई होती, आणि त्याच्या मागे चार फुटांवर एक मुलगी बसून काम करत होती. पापँनी साडेतीनशे वर्षांपूर्वी जे माणसाच्या जिवासाठी बसवलं, ते आपण तारेने बांधून टाकतो? असं दिसलं तर यंत्र बंद करा. साहेब रागावले तरी बंद करा.

आणि काय आत घालायचं नाही? ब्लीचचं पाणी कधीच नाही. त्यातून क्लोरीन सुटतो. स्पिरिट, ॲसिटोन, फॉर्मलिन, फिनॉल नाही. गच्च बूच लावलेली भरलेली बाटली नाही. ती बाटली म्हणजे बॉम्ब आहे. पातळ पॉलिथिनच्या पिशव्या वितळतात. स्पॉनसाठी पॉलिप्रॉपिलीनच्याच घ्या.

शेवटची गोष्ट पुराव्याची आणि वहीची.

बाटलीवर जी चिकटपट्टी लावतो, ज्यावर काळे पट्टे उमटतात, ती बघून लोक निर्धास्त होतात. त्या पट्ट्यांचा अर्थ एवढाच, की हा माल गरम जागी जाऊन आला. ते गेटपासचं शिक्कामोर्तब आहे, मालाच्या दर्जाचं नाही. खरी परीक्षा बीजाणूंची. एक जिवाणू आहे, जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. माणसाला त्रास देत नाही, पण वाफेला तो जितकं तोंड देतो तितकं फारच थोडे देतात. त्याचे लाखभर बीजाणू या कुपीत असतात. मालाच्या सर्वांत अवघड जागी, तळाला, मधोमध ही कुपी ठेवायची, फेरी पूर्ण करायची, आणि मग ५५ ते ६० अंशांच्या उबेत दोन दिवस ठेवायची. आतलं कुणी जगलं असेल तर ते वाढतं, आम्ल करतं, आणि जांभळा रंग पिवळा होतो. आठवड्यातून एकदा हे करायला किती खर्च येतो? एका फेकलेल्या फेरीच्या मानाने काहीच नाही.

आणि वही. मामांची वही जाड पुठ्ठ्याची होती, बाजारातल्या तोलपट्टीसारखी आडव्या रकान्यांची. तारीख, माल काय, बाटल्या किती, तोटी कधी बंद केली, १२१ कधी लागले, बटण कधी बंद, झाकण कधी उघडलं, सही. मी विचारलं, इतकं कशाला? ते म्हणाले, “उद्या कुणी बोट दाखवलं तर कुठे चुकलं ते सापडायला पाहिजे ना.”

मला तेव्हा हाफकिन आठवले होते. प्लेगची लस त्यांनी १८९७ साली मुंबईत तयार केली, आणि परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी टोचणी झाली आणि एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने मेली. बोट सरळ हाफकिन यांच्यावर गेलं, कारण त्यांनी निर्जंतुकीकरणाची रीत बदलली होती. कार्बॉलिक ॲसिडऐवजी उष्णतेवर भर दिला होता. त्यांचं पद गेलं. पुढे पुरावे तपासले गेले तेव्हा दिसलं की त्याच बाटलीचं बूच उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला. इतर बाटल्यांतून टोचलेल्या कुणाला काही झालं नव्हतं. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये ‘टाइम्स’मध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे हाफकिन यांचं नाव मोकळं झालं. परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव मिळालं.

धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. या यार्डाच्या मातीतही असणार. ऑटोक्लेव्हने काम चोख केलं आणि नंतर चिमटा खाली पडला, तर त्या चोख कामाचा काय उपयोग? म्हणून आमच्याकडे नियम आहे: खाली पडलेलं ते बाद. पुसून चालत नाही, ज्योतीतून ओढून चालत नाही. वेगळ्या ट्रेमध्ये टाकायचं आणि वहीत लिहायचं. आणि ज्याच्या हातून पडलं त्याला कुणी ओरडायचं नाही, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी शेवटची फेरी स्वतः चालवली आणि वहीत सही केली. पुढची ओळ मोकळी ठेवून वही माझ्या हातात दिली. ती वही मी आज बरोबर आणली आहे.

आता या कुप्या. परवा सकाळी मी दोन फेऱ्या चालवल्या. पहिल्या फेरीत मामांच्या रीतीने हवा काढली, वाफेचा दांडा सरळ झाल्यावर दहा मिनिटं थांबले. दुसरीत मुद्दाम तोटी सुरुवातीपासून बंद ठेवली. दोन्ही वेळा काट्याने १५ पौंड दाखवले, दोन्ही वेळा वीस मिनिटं दिली, दोन्ही फेऱ्यांतल्या चिकटपट्ट्यांवर पट्टे उमटले. तिसरी कुपी यंत्रात घातलीच नाही. बीजाणू मुळात जिवंत होते ना, हे कळायला ती ठेवली. कोणती कुपी कुठली, ते खाली चिठ्ठीवर लिहून उलटं ठेवलं आहे. ज्यांना बघायचं असेल त्यांनी पुढे यावं, आधी रंग बघावा, आणि मग चिठ्ठी उलटावी. तोलणार मंडळींनी आधी यावं.